फोर्क करायचा की थांबायचं? माझा अनुभव

एका खुल्या प्रोजेक्टच्या लायब्ररीत, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या तयार कोडमध्ये, आम्ही मराठीसाठी दुरुस्ती सुचवली होती. ती घेतली जाईना, तेव्हा प्रश्न पडला: वाट बघायची की फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट, करायचा? टेस्ट सगळे पास होते. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या दोन मेंटेनरांपैकी एकाने "छान, घेऊन टाकू" असं लिहिलंही होतं. तरी आमची पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) हलेना. त्या प्रोजेक्टमध्ये मर्जला, म्हणजे बदल आत घ्यायला, दोघांचीही मंजुरी लागते आणि दुसरे मेंटेनर अडून बसले होते. आजही ते पान उघडलं की डोकं तापतं.

ती लायब्ररी शोधासाठी देवनागरी मजकूर साफ करते. साफ करताना झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) उडवते आणि नुक्ताही (अक्षराखालचं टिंब) काढते. हिंदीत 'ज़' आणि 'ज' एकत्र सापडावेत म्हणून हे सोयीचंच आहे. पण मराठीतला 'ऱ्ह', 'ऱ्य' टाइप करायच्या वाटा दोनच: 'र', हलन्त आणि जॉइनर, नाहीतर थेट 'ऱ' आणि हलन्त. युनिकोड ही संगणकातली अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत; तिच्या एनएफडी, म्हणजे अक्षरं सुटी करून ठेवायच्या, रूपात या 'ऱ'चे 'र' आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात, म्हणजे तोही कापला जातो. परिणाम असा की 'दऱ्या' टाका, 'दर्या' होतो. आम्ही एका ग्रंथालयाच्या जुन्या मराठी मजकुरासाठी शोध बनवत होतो. नागपुरात बसून 'वऱ्हाड' टाइप करायचं आणि पडद्यावर 'वर्हाड' बघायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या मेंटेनरांचं म्हणणं होतं, न दिसणारी अक्षरं ठेवली की शोध बिघडतो. मान्य, म्हणून आम्ही बदल फक्त मराठीपुरता ठेवला. मग त्यांनी वेग मोजून मागितला. दिला. मग शांतता. मग "या आठवड्यात बघतो." पुन्हा शांतता. उन्हाळा गेला, कूलर बंद झाले, आणि आमच्या रिक्वेस्टवर 'बराच काळ हालचाल नाही' असा शिक्का बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) मारला. हालचाल कोणाकडून नव्हती? नाही म्हणा, मी वाद घालीन किंवा सोडून देईन. पण होही नाही आणि नाहीही नाही, हा दुसऱ्याच्या कष्टांचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयटी पार्कजवळच्या टपरीवर तर्री पोहे खाताना टीममधला धाकटा म्हणाला, "भाऊ, काहून वाट पाहून राहिले? एमआयटी लायसन्स हाय ना, करून टाका फोर्क."

लायसन्सची, म्हणजे कोड वापरायच्या परवान्याची, अडचण नव्हतीच. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर कायम ठेवला की झालं. नावाचं मात्र वेगळं असतं: कोड घेता येतो म्हणून प्रोजेक्टचं नाव घेता येतंच असं नाही, तेव्हा नवं नाव आधी ठरवा. पण बटण दाबणं वेगळं आणि वेगळी चूल मांडणं वेगळं. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस निघालं आणि टिकलं, कारण कोड लिहिणारी बरीच माणसं सोबत बाहेर पडली. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा चालवणाऱ्या नोडमधून २०१४ च्या शेवटी आयओजेएस फुटलं आणि २०१५ मध्ये परत एकत्र आलं. आमच्याकडे माणसं किती? सुरक्षेची दुरुस्ती रात्री आली तर रिलीज कोण काढणार? मी हा प्रश्न विचारला तेव्हा टेबलावर कोणी बोललं नाही.

तरी रेपो (कोड ठेवायची जागा) तयार केला, नाव ठरवलं आणि दोन्ही मेंटेनरांना सरळ लिहिलं: अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवा, नाहीतर आम्ही वेगळे होतो. धमकीचा सूर नव्हता, तारीख होती. एवढ्या दिवसांत जे झालं नाही ते त्या पत्राने झालं. पहिल्या मेंटेनरांनी मध्यस्थी केली आणि बदल पर्याय म्हणून आत गेला, पण मुळात बंद ठेवलेला, म्हणजे हवा त्याने स्वतः चालू करायचा. तारीख आधीच मागायला हवी, हे सगळ्यांना सांगतो.

फोर्क केला नाही याचं समाधान आहे. पण पर्याय बंदच असल्यामुळे नव्याने लायब्ररी घेणाऱ्या मराठी माणसाचा 'ऱ्य' आजही मुकाट्याने मोडतो, आणि तो मुळातच चालू असावा ही मागणी मी सोडलेली नाही. तोवर हे करा: जुना मजकूर भरण्याआधी पर्याय चालू करा आणि मूळ फायली जपून ठेवा. एकदा 'दऱ्या'चा 'दर्या' झाला की तो आधी काय होता हे साफ केलेल्या मजकुरावरून कळत नाही.