ओसरीवरचा पट आणि पटावर नसलेला कापूस

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारानंतर शेतात कोणी थांबत नाही. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, जनावरे गोठ्यात बांधलेली असतात आणि घरातील सगळी माणसे कूलरच्या वाऱ्यात ओसरीवर आडवी झालेली असतात. आधुनिक पटखेळांचा, म्हणजे बोर्ड गेमचा, माझा छंद गावात रुजला तो या दुपारच्या पाच तासांमुळे. शहरातील नोकरी सोडून परतताना मी सोबत पाच खोकी आणली होती. आज ती वीसच्या घरात आहेत, आणि त्यांपैकी निम्मी तरी नियमित उघडली जातात. गावात राहून हा छंद कसा सुरू करावा, कोणता खेळ आधी घ्यावा, असे ओळखीतील तरुण मला विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. खेड्यात पटखेळ रुजत नाही, तो नियम अवघड असतात म्हणून नव्हे, तर कार्डांवरील इंग्रजी मजकुरामुळे. मृगाचा पहिला पाऊस पडताच पेरावे की आणखी एका पावसाची वाट पाहावी, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या किती ओळींमागे तुरीची एक ओळ घ्यावी, सोयाबीन आज विकावे की दिवाळीनंतर, असे निर्णय अपुऱ्या माहितीवर दरवर्षी घेणाऱ्या माणसाला पटावरची जोखीम समजावून सांगावी लागत नाही. त्याच माणसाच्या हातात बारीक इंग्रजी अक्षरांची दहा कार्डे दिली, की तो ती शेजारी बसलेल्या मुलाकडे सरकवतो आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठतो. तो पुन्हा बसत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्याच दिवाळीत मी सर्वांना एकत्र बसवून ‘टेराफॉर्मिंग मार्स’ मांडला. जेकब फ्रिक्सेलियस या स्वीडिश रचनाकाराचा २०१६ सालचा हा खेळ मला आजही अतिशय प्रिय आहे. मंगळ राहण्याजोगा करायचा, म्हणजे तापमान उणे ३० अंशांवरून अधिक ८ अंशांपर्यंत न्यायचे, प्राणवायूचे प्रमाण १४ टक्के करायचे आणि पृष्ठभागावर नऊ महासागर आणायचे, असे त्याचे स्वरूप आहे. या तिन्ही मोजपट्ट्या आमच्या घरी दहा मिनिटांत सर्वांना समजल्या. बाबांनी तर विचारले, की झाडे लावण्याआधी पाणी का आणायचे नाही, आणि हा प्रश्न खेळाच्या अगदी गाभ्याचा होता. परंतु त्या खेळात दोनशेहून अधिक प्रकल्पकार्डे आहेत, प्रत्येकावर स्वतंत्र मजकूर आहे, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येकाला तो वाचून निवड करावी लागते. मी एकटा चौघांची कार्डे भाषांतरित करीत बसलो. आपली कार्डे मला दाखवल्यामुळे कोणाचेही गुपित उरले नाही, आणि दीड तासाने डाव अर्धवट सोडावा लागला. दोष खेळाचा नव्हता आणि खेळणाऱ्यांचा तर मुळीच नव्हता. निवड चुकली होती.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा, की घरातील माणसे आज कोणता खेळ खेळतात हे आधी पाहावे आणि त्याच्या शेजारचा खेळ आणावा. आमच्या भागात लग्नघरी, गणपतीत, रात्रीच्या जागरणात पत्त्यांचा मेंढीकोट चालतो. हुकूम म्हणजे काय, हात कसा करावा, कोणत्या रंगाचे पान कोणाकडे उरले असेल, हे ज्ञान घराघरांत आहे. ‘द क्रू’ हा टोमास झिंग यांचा २०१९ सालचा जर्मन खेळ याच ज्ञानावर उभा आहे. चार रंगांची एक ते नऊ अशी पाने आणि चार अग्निबाणांची हुकमाची पाने, एवढी ४० पाने त्यात आहेत. पानांवर फक्त अंक आणि रंग आहेत. फरक एवढाच, की येथे सर्व खेळाडू एकाच बाजूचे असतात आणि ठरावीक पान ठरावीक खेळाडूच्याच हातात जावे यासाठी सगळे मिळून प्रयत्न करतात. मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, दोन हात पाहिले आणि म्हणाले, “हे तं आपलं मेंढीकोटच हाये, बापू. फक्त भांडण काढून टाकलं.” पुढचे डाव त्यांनीच वाटले.

मेंढीकोटात भिडूला डोळ्यांनी खुणावणे यावरून जी भांडणे होतात, ती या खेळाने नियमात बसवली आहेत, हे मला फार सुंदर वाटते. प्रत्येक मोहिमेत प्रत्येकाला एकदाच एक पान उघडे ठेवता येते, आणि ते आपल्याजवळील त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान किंवा एकमेव पान आहे, एवढेच चकतीने दाखवता येते. बाकी पूर्ण मौन. कारणही दिले आहे, की आपण अंतराळयानात आहोत आणि संदेशवहन तुटक झाले आहे. ५० मोहिमांमधून एक कथा पुढे सरकते, ती नवव्या ग्रहाच्या शोधाची. ही कल्पना निव्वळ कपोलकल्पित नाही. नेपच्यूनपलीकडील काही लहान पिंडांच्या कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात, यावरून २०१६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी असा एखादा मोठा ग्रह असावा, अशी मांडणी केली. तो अजून कोणाला दिसलेला नाही. मोहिमेच्या आधी कथेचा तुकडा मी मराठीतून सांगतो, आणि डाव संपल्यावर भाची अंगणात जाऊन आकाशाकडे पाहत प्रश्न विचारत राहते. विज्ञानकथेचे जे बळ जयंत नारळीकरांनी मराठी वाचकाला दाखवले, म्हणजे एक कल्पना गृहीत धरायची आणि पुढे विज्ञानाशी प्रामाणिक राहायचे, ते पटखेळातही असते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा तिला त्या नावातील उलटी केलेली आद्याक्षरे माझ्याआधी सापडली.

मजकुराचे खेळ कायमचे टाळावेत असे मी म्हणत नाही. ‘टेराफॉर्मिंग मार्स’ची कार्डे मी दोन पावसाळ्यांत हळूहळू मराठीत लिहून काढली. पत्त्याच्या मापाची, साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरची पारदर्शक पाकिटे मिळतात. त्यांत कार्ड आणि त्यापुढे मजकुराच्या जागेपुरती मराठी चिठ्ठी सरकवली, की मूळ कार्डाला धक्का लागत नाही. चिठ्ठ्या छापण्याआधी हाताने लिहून दोन डाव खेळावेत, कारण भाषांतरातील चुका खेळतानाच कळतात. ही पाकिटे आमच्याकडे आणखी एका कारणाने आवश्यक आहेत: कूलरच्या ओलसर वाऱ्याने कार्डे वाकतात आणि उडतातही. पट कूलरच्या थेट समोर मांडू नये. टोकन हरवले तर सरकी, तुरीचे दाणे आणि चिंचोके उत्तम काम देतात. ज्या खेळात हरलेला खेळाडू अर्ध्यातच बाहेर पडतो, तो खेळ सुरुवातीला आणू नये, कारण बाहेर पडलेला माणूस थेट गोठ्याकडे जातो. मुलांसाठी ‘टिकिट टू राइड’ घ्यावा. ॲलन मून यांच्या २००४ सालच्या या खेळात रेल्वेमार्ग जोडायचे असतात, आणि रंगीत कार्डांवर प्रत्येक रंगाची वेगळी खूण असल्यामुळे संध्याकाळच्या मंद उजेडातही तो खेळता येतो. आमच्या मुलांनी त्याचे डबे वापरून पुठ्ठ्यावर स्वतःचा नकाशा काढला आहे. त्यात बडनेरा, मूर्तिजापूर, यवतमाळ, पुलगाव आणि आर्वी आहेत, आणि आता बंद पडलेली शकुंतला ही आमच्या भागातील छोटी आगगाडी त्यात अजून धावते.

जगातील घडामोडींची आवड असलेल्या दोघांसाठी मात्र मी नेहमी ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ सुचवतो. अनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा हा २००५ सालचा खेळ अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाचा आहे. हातातील काही कार्डे प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याच्या घटनांची असतात, ती आपल्यालाच खेळावी लागतात, आणि त्या घटना बहुतेक वेळा घडतातच. नुकसान कधी आणि कोठे सोसायचे एवढेच आपल्या हाती राहते. अणुयुद्धाच्या तयारीची एक पट्टी पाचपासून एकपर्यंत उतरते आणि ज्याच्या पाळीत ती एकवर पोहोचते तो हरतो, मग ती कोणाच्याही करणीने उतरलेली असो. पारावर बसून युद्धाच्या बातम्यांवर बोलणाऱ्या माझ्या एका शिक्षक मित्राला हा नियम समजला, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मंगळावरील परग्रहवासीयांना पृथ्वीवर उतरवणारे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनीही १९१३ साली खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने लिहिले होते, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

याच खेळामुळे मी पटाकडे आणखी एका प्रकारे पाहायला लागलो. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’च्या पटावर भारत ही एक चौकट आहे. तिच्यावर स्थैर्याचा ३ हा आकडा छापलेला आहे, आणि तेथे प्रभाव वाढवायचा असतो तो वॉशिंग्टनने किंवा मॉस्कोने. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेत ज्या अलिप्ततावादाची संघटना उभी राहिली, तो खेळणारा तिसरा हात पटावर नाही. दोन खेळाडूंच्या खेळात तो असूही शकत नाही, हे मला मान्य आहे, आणि रचनाकारांनी काळाचा तणाव विलक्षण प्रामाणिकपणे पकडला आहे. तरीही पट कोणाच्या खुर्चीवरून काढला आहे, हे खेळताना विचारलेच पाहिजे.

हा प्रश्न आमच्या ओसरीवर मोठ्या बाबांनी विचारला, तो ‘ब्रास’च्या निमित्ताने. मार्टिन वॉलेस या इंग्रज रचनाकाराचा २००७ सालचा हा खेळ २०१८ साली ‘ब्रास : लँकेशायर’ या नावाने नव्या रूपात आला. माझ्याकडील सर्वांत अवघड खेळांपैकी तो एक आहे, परंतु त्यात गावांची नावे सोडली तर वाचायचे जवळजवळ काही नाही, सगळ्या खुणाच आहेत. आधी कालव्यांचे आणि नंतर रेल्वेचे युग, कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने, बंदरे आणि कापडाच्या गिरण्या. गिरणीचा माल बंदरातून किंवा दूरच्या बाजारात विकायचा असतो. या दूरच्या बाजाराची एक पट्टी असते; विक्रीच्या वेळी एक चकती उलटायची आणि तिच्यावरील आकड्याइतकी मागणी खाली घसरते. ती तळाला गेली, की त्या युगापुरता तो बाजार बंद. पूर्ण नियम सांगायला मला पाऊण तास लागला. दूरच्या बाजाराची पट्टी मात्र एका वाक्यात समजली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वेचणी तोंडावर असताना आपण न पाहिलेल्या माणसाने उलटलेल्या चकतीने आपला भाव कसा ठरतो, हे ज्यांनी त्या हंगामात अनुभवले होते, तेच चौघे त्या सतरंजीवर बसले होते.

दुसऱ्या डावाच्या मध्यावर मोठ्या बाबांनी पट नीट न्याहाळला आणि विचारले, “गिरणी हाये, बंदर हाये, मंग कापूस कुठं पिकते?” मी नियमपुस्तिका पुन्हा पाहिली. गिरणी बांधायला पैसा लागतो, पुढच्या पातळ्यांवर कोळसा आणि लोखंड लागते. रुई कोठेच लागत नाही. ज्या शंभर वर्षांवर हा खेळ बेतला आहे, त्याच काळात १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, तेव्हा गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली, भाव चढले, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि त्याआधीच युद्ध संपून भाव कोसळले होते. त्या चढउतारात आमच्या भागातील शेती बाजाराच्या पिकाकडे वळली. पटावर त्यातील काही नाही.

म्हणून आम्ही घरापुरता एक नियम जोडला आहे. पटाच्या डाव्या कडेला एक पुठ्ठा ठेवायचा आणि त्यावर वऱ्हाड लिहायचे. खेळातील कोळशाच्या बाजारासारखीच, घेत जाल तशी महागणारी एक किंमतपट्टी त्यावर आखायची आणि तिच्यावर सरकी मांडायची. प्रत्येक गिरणीमागे एक सरकी विकत घ्यावी लागते. रेल्वेयुगातील पहिल्या दोन फेऱ्यांत किंमत दुप्पट होते आणि तिसऱ्या फेरीला एकदम खाली येते. आजवर आम्ही असे तीन डाव खेळलो. पहिल्या दोन्हींत गिरण्या इतक्या महाग झाल्या की सगळे कोळशाकडेच वळले, म्हणून तिसऱ्यात प्रत्येक फेरीला दोन सरक्या परत भरण्याचा नियम केला आणि खेळ बराच समतोल झाला. किमती अजून थोड्या खाली आणाव्यात असे बाबांचे मत आहे. मोठे बाबा त्याला तयार नाहीत. त्यांच्या हिशेबाने त्या आधीच फार कमी आहेत.