मैद्याशिवाय फ्रूट क्रम्बल बार: आतापर्यंतची प्रगती

तळाला दाबून बसवलेला पिठाचा थर, मध्ये फळांचं सारण आणि वर त्याच पिठाचा चुरा, असे हे क्रम्बल बार. मैदा आता त्यांतून पूर्ण गेला आहे. आधी निम्मा मैदा आणि निम्मी कणीक, मग पाव हिस्सा मैदा, आणि सध्याचे सगळे घाणे निव्वळ कणीक आणि ओट्सचे. याच वाटेवर असलेल्यांसाठी काय पक्कं झालंय आणि काय अजून पडताळायचं आहे ते लिहून ठेवते.

एक मत मात्र ठाम झालंय. कोंड्यासकट दळलेल्या पिठाला ओव्हनमधल्या पदार्थांपैकी सगळ्यात जास्त मानवणारा पदार्थ हाच. पावात कोंडा आड येतो. त्याचे कण ग्लूटेनच्या, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांच्या चिवट जाळीला छेद देतात, वायू नीट धरला जात नाही आणि पाव बसका होतो. क्रम्बलमध्ये ती जाळी आपल्याला नकोच असते. घास दाताखाली खुसखुशीत फुटायला हवा, चिवटपणा आला की मजा गेली. पावात कोंडा जे बिघडवतो, तेच इथे आपलं काम सोपं करतं. शिवाय कणकेला स्वतःची चव आहे. ‘पौष्टिक आहे, गोड मानून घ्या’ असं हे बार देताना कधी म्हणावं लागत नाही, आणि मला याचंच सगळ्यात जास्त समाधान आहे.

२० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी सध्या हे प्रमाण स्थिरावलंय: १८० ग्रॅम बारीक दळलेली कणीक, १०० ग्रॅम रोल्ड ओट्स, ११० ग्रॅम ब्राऊन शुगर, १५० ग्रॅम बटर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि तेवढीच बेकिंग पावडर. सारणाला ४०० ग्रॅम फळं, ५० ग्रॅम साखर, १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. सगळं वजनानेच घ्या. कपात कणीक किती दाबून भरली यावर दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि इथे तेवढा फरक जाणवतो.

आता पाण्याबद्दल, कारण या प्रकारात खरी कसोटी तिथेच आहे. गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के भाग पिठूळ गाभ्याचा, साडेचौदा टक्के कोंड्याचा आणि अडीच टक्के अंकुराचा असतो. मैद्यात गाभाच तेवढा येतो. उरलेल्या सतरा टक्क्यांमुळे कणकेचं वागणं बदलतं, कारण कोंडा पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, म्हणजे १५० ग्रॅममध्ये २४ ग्रॅमच्या आसपास. मळताना हे मिश्रण ओलसर वाटतं आणि अर्ध्या तासाने तेच कोरडं लागतं. म्हणून मिश्रण झाकून फ्रीजमध्ये किमान अर्धा तास मुरू देते आणि त्यानंतरच ठरवते. मोहनाची नेहमीची परीक्षा इथेही चालते: मुठीत दाबलं की मुटका वळावा, बोटाने ढकलला की फुटावा. वळत नसेल तर चमचाभर थंड दूध शिंपडायचं, जास्त नाही. मुरवल्याचा दुसरा फायदा जिभेला कळतो. न मुरवलेल्या घाण्यात कोंडा कचकच लागतो, मुरवलेल्यात ती कचकच जवळजवळ जाते.

बटर थंडगार घेऊन पिठात चोळायचं की वितळवून ओतायचं, हे दोन्ही करून पाहिलं. मैद्याला थंड बटर चांगलं. कणकेसाठी माझी पसंती वितळवलेल्याला आहे. ते पिठाच्या कणाकणाला लागतं, त्यामुळे तळाचा थर एकसारखा बसतो आणि कापताना कोपरे ढासळत नाहीत. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे बटर तपकिरी होईपर्यंत कढवणं. त्यातले दुधाचे घन कण खरपूस होतात आणि तो वास कणकेच्या वासाशी इतका जुळतो की आता साधं बटर वापरावंसंच वाटत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की कढवताना बटरमधलं पाणी उडून जातं. तेवढं, म्हणजे दीड मोठा चमचा थंड दूध, परत घालावं लागतं. नाहीतर कोंड्याला प्यायला काही उरत नाही आणि तळ वाळूसारखा सुटतो.

भाजण्याचंही आता गणित बसलंय. ओट्स १६० अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा हलवून, खमंग वास येईपर्यंत. कणीक मात्र सगळी भाजत नाही, एक तृतीयांशच भाजते. सगळी भाजली की चव उत्तम येते, पण तळ धरून राहत नाही. क्रम्बलला ग्लूटेनची जाळी नको असली तरी बार हातात उचलता यायला थोडी पकड लागतेच. भाजलेलं सगळं पूर्ण थंड झाल्याशिवाय बटर घालायचं नाही.

सारणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. स्ट्रॉबेरीत ९१ टक्के पाणी, सफरचंदात ८६, ब्लूबेरीत ८४. पण नुसत्या आकड्यांवरून काही ठरत नाही. सफरचंदाच्या फोडी पाणी बऱ्यापैकी धरून ठेवतात, आकारही टिकवतात, आणि त्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, भरपूर असतं. अर्ध्या सेंटिमीटरच्या फोडी करून पातेल्यात पाच-सात मिनिटं परतल्या की काम झालं. स्ट्रॉबेरी उष्णता लागताच कोसळते आणि तिच्यात पेक्टिनही कमी. आलुबुखार मला सर्वांत आवडलेलं फळ. सालीसकट घेतलं की रंग, पेक्टिन आणि आंबटपणा तिन्ही सालीतून मिळतात. कोंड्याला किंचित कडवट चव असते, तिला मीठ आणि आंबटपणा दोन्ही दाबतात. म्हणून गोडमिट्ट फळापेक्षा आंबट फळ कणकेसोबत जास्त खुलतं, आणि मिठाचा अर्धा चमचा मी कधी टाळत नाही.

पाणीदार फळांसाठी आता हीच पद्धत ठरवली आहे. फळं साखर आणि लिंबाचा रस लावून वीस-पंचवीस मिनिटं ठेवते. साखर रस ओढून बाहेर काढते. तो रस वेगळा गाळून निम्मा होईपर्यंत आटवते आणि थंड करते. मग त्यात कॉर्नफ्लोअर मिसळून, सतत ढवळत, पुन्हा उकळी आणते आणि फळांत परत घालते. कॉर्नफ्लोअर गरम रसात टाकलं की गुठळ्या होतात, त्यामुळे रस थंड करण्याची पायरी गाळू नका. या पद्धतीत सारण अर्धं दाट होऊनच ओव्हनमध्ये जातं. तळात झिरपायला पातळ रस उरत नाही, आणि कणकेच्या तळाला हेच हवं असतं, कारण तो मैद्याच्या तळापेक्षा जास्त तहानलेला असतो.

गोठवलेली फळं वेगळी हाताळावी लागतात. बर्फाच्या स्फटिकांनी त्यांच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे वितळली की रसाचं तळं होतं. ती चाळणीत पूर्ण वितळू देते आणि रस वरच्यासारखाच आटवते. तशीच गोठलेली टाकली तरी चालतात, पण कॉर्नफ्लोअर चमचाभर वाढवावं लागतं, वेळ आठ-दहा मिनिटं वाढते आणि तेवढ्यात वरचा चुरा जास्त भाजला जातो. मला तो सौदा पटत नाही.

बेकिंगची पद्धत अशी. मिश्रणाचा दोन तृतीयांश भाग कागद लावलेल्या ट्रेमध्ये सपाट बुडाच्या पेल्याने घट्ट दाबते आणि १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजते. उरलेला भाग तोवर फ्रीजमध्ये. तळ गरम असतानाच त्यावर चमचाभर ओट्सची पूड भुरभुरते, वर गरम सारण, आणि मग थंड मिश्रणाचे लहान-मोठे मुटके मोडून पसरते. सगळा एकसारखा बारीक चुरा केला तर वरचा थर सपाट पापुद्र्यासारखा होतो. मोठे तुकडे आतून मऊ राहतात, बारीक कुरकुरीत होतात, आणि ही सरमिसळच खाताना मजा आणते. यानंतर पस्तीस मिनिटांच्या आसपास.

झालं की नाही हे रंगावरून ओळखायची मैद्यातली सवय इथे सोडावी लागते. कणीक आणि ब्राऊन शुगर मुळातच तपकिरी, त्यात तपकिरी बटर, मग रंग काय सांगणार? मी सारणाकडे बघते. कॉर्नफ्लोअर ६५ अंशांच्या आसपास फुगायला लागतं, पण पूर्ण दाट व्हायला ९५ अंशांच्या जवळ जावं लागतं, आणि साखरेमुळे त्याचं फुगणं थोडं लांबतं. कडेला बुडबुडे आले म्हणून ट्रे काढायची घाई नको. मधोमधही बुडबुडे यायला हवेत आणि ते संथ, जड हवेत. भराभर फुटणारे पातळ बुडबुडे म्हणजे रस अजून कच्चा.

कापायची घाई तर मुळीच नको. ट्रे जाळीवर पूर्ण निवला की तासभर फ्रीजमध्ये, मग कागदासकट उचलून लांब सुरीने, दर कापाला पातं पुसून. पहिल्या दिवशी वरचा थर सर्वांत कुरकुरीत असतो, पण कणकेची चव दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतात. मऊ पडले तर १६० अंशांवर दहा मिनिटांत वरचा थर परत जागेवर येतो.

पिठाच्या ताजेपणाकडे लक्ष द्या. अंकुरातलं तेल कणकेत शिल्लक असतं आणि ते खवट होतं. जुन्या पिठाचा कडवटपणा साखरेने झाकला जात नाही. मी पीठ हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवते, लागेल तेवढंच बाहेर काढते आणि वापरण्याआधी वास घेते.

इतर पिठांचं काम आता कुठे सुरू झालंय. जवाचं पीठ पाव हिस्सा घातलं तर गोडसर, सौम्य चव येते आणि चुरा आणखी नाजूक होतो. त्यापुढे गेलं की तळाची पकड सुटते. राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्याचं पीठ पाणी कणकेपेक्षाही जास्त धरतं, त्यामुळे दूध वाढवून आणि मुरण्याचा वेळ तासभर करून बघते आहे. पुढचा घाणा त्याचाच: एक तृतीयांश राय, बाकी कणीक, सारणाला सालीसकट आलुबुखार, आणि बटर तपकिरी केलेलं.