तुपी माणसे उसाच्या मळ्यात का टिकली नाहीत?

ठाण्यात तलावपाळीजवळच्या रसवंतीत परवा भाचीने विचारले, "मामा, पोर्तुगीजांनी ब्राझीलमध्ये तिथल्याच लोकांना का नाही राबवले? आफ्रिकेतून माणसे कशाला आणली?" राबवले होते, एवढेच मी म्हणालो; पुढचे चरकाच्या आवाजात राहून गेले.

ज्या १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला, त्याच साली त्यांच्या राजाने ब्राझीलच्या किनाऱ्याच्या जहागिऱ्या वाटल्या आणि तेथे ऊस वाढला. तोडलेला ऊस लगेच गाळला नाही तर रस आंबतो, त्यामुळे हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. या कामाला तुपी लोकांना, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना, जुंपले गेले. त्यांच्यात पुरुष रान तोडून देत, शिकार आणि लढाया करीत. पेरणी-कापणी स्त्रियांकडे असे. म्हणून फडात उभे राहणे पुरुषाला नुसते कष्टाचे नव्हे, मानहानीचेही वाटे. शिवाय मळ्यापलीकडचे रान त्याच्या पायाखालचे होते: पाणी कोठे आहे, कोणता कंद खाण्याजोगा आहे, हे मालकापेक्षा त्यालाच ठाऊक. (येऊरच्या पाड्यातल्या माणसाला येऊरच्याच रानात शोधायला आपण निघालो, तर कोण हरवेल?)

रोगाने मात्र पळण्याचीही सवड ठेवली नाही. १५६२-६३ मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतात देवीची साथ आली आणि मळे व मिशनऱ्यांच्या वस्त्या ओस पडल्या. १५७० च्या पोर्तुगीज राजाज्ञेने मूळ रहिवाशांना गुलाम करण्यावर बंधन घातले, तरी 'न्याय्य युद्धात', म्हणजे सत्तेने रास्त ठरवलेल्या लढाईत, पकडलेल्यांची पळवाट ठेवलीच. त्या कायद्याला मी फारसे श्रेय देत नाही.

या साऱ्याचे उत्तर पुष्कळदा 'ते लोक दुबळे होते' असे एका वाक्यात दिले जाते, ते मला अजिबात पटत नाही. उत्तर अमेरिकेतील कॅरोलायनाच्या इंग्रज वसाहतवाल्यांनी १६७० नंतर हजारो मूळ रहिवासी पकडले आणि त्यांतील पुष्कळांना कॅरिबियन बेटांवर विकले, कारण समुद्रापलीकडून घरी चालत जाता येत नाही. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाचेही तसेच होते: ना ओळखीचे रान, ना जवळपास आपली माणसे, शिवाय देवी-गोवर यांच्याशी त्याच्या मुलखाची जुनी ओळख होती. एवढे असूनही तीही माणसे पळालीच, आणि ब्राझीलच्या डोंगरांत त्यांनी वसवलेल्या पाल्मारेसचा मुख्य गड पाडायला पोर्तुगीजांना १६९४ साल उजाडले.