तुम्ही विचारलंत म्हणून : जे-१ वर सप्लाय चेनची नोकरी मिळते का?

"ताई, जे-१ साठी सप्लाय चेनमधला एखादा स्पॉन्सर सांगा ना." असा मेसेज मला अधूनमधून येतच असतो. जे-१ म्हणजे अमेरिकेत प्रत्यक्ष काम करत शिकण्यासाठी मिळणारा व्हिसा. पाठवणाऱ्यांत नुकतंच एमबीए झालेली मुलं असतात, कारखान्याच्या खरेदी खात्यात काही वर्षं घासलेले इंजिनिअर असतात, हल्ली तर त्यांचे आईवडीलही असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर भरायची अट आली आणि तेव्हापासून हे विचारणं फारच वाढलं. मी अमेरिकेतल्या एका वितरण कंपनीत इन्व्हेंटरी प्लॅनिंग, म्हणजे मालसाठ्याचं नियोजन, बघते. आमच्याकडे जे-१ वर येणाऱ्या ट्रेनींच्या कागदांवर सुपरवायझर म्हणून माझी सही असते. म्हणून एकेकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा इथे सगळं एकदाच सांगते.

पहिली गोष्ट, स्पॉन्सर तुम्हाला कामावर ठेवत नाही. या व्यवहारात तिघं असतात. एक तुम्ही. दुसरी होस्ट कंपनी, म्हणजे जिच्याकडे तुम्ही रोज कामाला जाणार आणि जी पगार देणार. तिसरा स्पॉन्सर. ही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था असते. ती तुमची पात्रता तपासते, होस्ट कंपनीची चौकशी करते, डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते आणि तुम्ही तिथे असेपर्यंत तुमच्यावर लक्ष ठेवते. हा फॉर्म हातात आल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाताच येत नाही. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली आहे, त्यामुळे ती मिळवायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. काही स्पॉन्सर स्वतः कंपनी शोधून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. बाकीच्यांचं म्हणणं सरळ असतं, की कंपनी तुम्ही आणा, कागद आम्ही करतो. म्हणून "स्पॉन्सर सांगा" म्हणणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो, "कंपनी सापडली का?"

आता पात्रता. दोन रस्ते आहेत. इंटर्न म्हणून जायचं तर तुम्ही अजून शिकत असायला हवं, नाहीतर पदवी मिळून बारा महिन्यांच्या आत कार्यक्रम सुरू व्हायला हवा. मुदत जास्तीत जास्त बारा महिने. ट्रेनी म्हणून जायचं तर पदवी आणि त्यानंतर त्याच क्षेत्रातला, अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव चालतो. मुदत अठरा महिन्यांपर्यंत. शेवटचं सेमिस्टर संपून दीड वर्ष झालंय आणि नोकरीचा अनुभव आठ महिन्यांचा, अशी मुलं दोन्हीकडून लटकतात. त्यांनी घाई न करता वर्ष भरू द्यावं.

खरी मेख आहे ती डीएस-७००२ या फॉर्ममध्ये. हा प्रशिक्षणाचा आराखडा. यात पूर्ण मुदतीचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यात काय शिकणार, कुणाच्या हाताखाली, रोज काय करणार आणि शिकलात की नाही हे कसं तपासणार, ते लिहायचं. त्यावर तुमची, कंपनीची आणि स्पॉन्सरची, अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, कारण कंपन्या जाहिरातीसाठी लिहिलेलं कामाचं वर्णन उचलून तिथे चिकटवतात. "वेअरहाऊसच्या दैनंदिन कामात मदत करणे" असं लिहिलं की फॉर्म परत आलाच म्हणून समजा.

आमच्याकडचा एक टप्पा कसा लिहिला होता ते सांगते. पहिले चार महिने सायकल काउंट. ट्रेनी रोज ठरलेल्या रॅकवरचा माल मोजणाऱ्या गटाबरोबर फिरणार, सिस्टीममधला आकडा आणि रॅकवरचा आकडा यांतला फरक नोंदवणार, आणि तो का पडला याची कारणं लावणार. माल उतरवतानाच चुकीच्या लोकेशनवर गेला का, पुरवठादाराने पाठवलेल्या आगाऊ सूचनेतला आकडा आणि प्रत्यक्ष आलेला माल जुळत नाही का, की परत आलेला माल नोंदवलाच गेला नाही. दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून ती कारणं मांडायची. चौथ्या महिन्याच्या शेवटी एका विभागासाठी मोजणीचं वेळापत्रक स्वतः बनवायचं आणि त्याने फरक कमी झाला की नाही ते दाखवायचं. हे वाचून कुणालाही कळतं की इथे कुणीतरी शिकवतंय आणि कुणीतरी शिकतंय. पुढचे टप्पे डिमांड प्लॅनिंग (मागणीचा अंदाज बांधणं) आणि वाहतूकदारांच्या कामगिरीचे होते. त्यांचा क्रमही असा, की आधीचं न शिकता पुढचं जमू नये.

आपल्या क्षेत्रात हे इतकं ताणून सांगायचं कारण आहे. नियम असा की ट्रेनीच्या कामात कारकुनी काम वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि अकुशल मजुरीवर तर त्याला ठेवताच येत नाही. आठवड्याचे किमान बत्तीस तास भरायला हवेत. सप्लाय चेनमध्ये मात्र कारकुनी आणि हमाली हाताशीच असते. दिवसभर एक्सेलमध्ये पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर भरायचे, लेबलं छापायची, सुट्टीच्या हंगामात माणूस कमी पडला की पिकिंगला, म्हणजे रॅकवरून ऑर्डरचा माल काढायला, उभं राहायचं. गोदामात फिरून काम समजून घेणं वेगळं आणि महिनाभर खोकी भरणं वेगळं. शिवाय ट्रेनी निवडायला किंवा नेमायला स्टाफिंग एजन्सीची मदत घेण्याची स्पॉन्सरला मनाई आहे. गोदामांतली पुष्कळ भरती तर अशाच एजन्सीमार्फत होते. तेव्हा "जे-१ वर वेअरहाऊस असोसिएटची पक्की नोकरी" असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका घराने अशा एका एजंटाला भरपूर रक्कम दिली. डीएस-२०१९ काही आला नाही, आणि आता एजंट फोन उचलत नाही.

मग कंपनी शोधायची कुठे? सगळ्यात जवळचा रस्ता लोक विसरतात, तो म्हणजे तुमचीच सध्याची कंपनी. तुम्ही बहुराष्ट्रीय कंपनीत असाल आणि तिचं अमेरिकेत वितरण केंद्र असेल, तर तिथल्या प्लॅनिंग मॅनेजरला तुमचं काम आधीच ठाऊक असतं. ते नसेल तर नकाशा बघा. मेम्फिसला फेडएक्सचं मोठं हवाई केंद्र आहे, लुइव्हिलला यूपीएसचं वर्ल्डपोर्ट. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांमागे इनलँड एम्पायर नावाच्या भागात गोदामांचं जंगलच आहे. शिकागोजवळ जोलिएटला रेल्वेचे कंटेनर उतरतात. बेंटनव्हिलला वॉलमार्टचं मुख्यालय, आणि त्याच्या आसपास वॉलमार्टला माल देणाऱ्या कितीतरी कंपन्यांची ऑफिसं. नोकरीच्या साइटवर "व्हिसा स्पॉन्सरशिप" शोधत बसण्यापेक्षा या ठिकाणच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांतल्या डिमांड प्लॅनिंग, इनबाउंड (येणारा माल) किंवा ट्रान्सपोर्टेशनच्या मॅनेजरना थेट लिहा. एचआरला नको, तिथे "आम्ही स्पॉन्सर करत नाही" हे उत्तर तयारच असतं. इथे स्पॉन्सर दुसराच आहे आणि कंपनीला एच-१बीसारखी लॉटरी किंवा पिटिशन नाही, हे मॅनेजरला दोन ओळींत समजावून सांगा. त्यांना ते खरंच माहीत नसतं. कंपनी फार छोटी असेल, म्हणजे पंचवीसपेक्षा कमी माणसं किंवा वर्षाची उलाढाल तीस लाख डॉलरपेक्षा कमी, आणि तिने पूर्वी त्या स्पॉन्सरबरोबर ट्रेनी घेतलेला नसेल, तर स्पॉन्सरला प्रत्यक्ष जाऊन जागा बघावी लागते. अशक्य नाही, फक्त वेळ जातो.

लिहिताना काय लिहायचं? "मला अमेरिकेत करिअर करायचं आहे" हे नको. कॉन्सुलेटमध्ये अधिकारी विचारतो की हे तुझ्या देशात शिकता येत नाही का. ज्याला उत्तर देता येत नाही तो तिथेच अडकतो. आपल्या क्षेत्रात मात्र याला ठोस उत्तरं आहेत. वॉलमार्टला माल वेळेवर आणि पूर्ण पोचला नाही तर चुकलेल्या मालाच्या किमतीच्या तीन टक्के वजा होतात. त्याभोवती पुरवठादारांनी प्लॅनिंगची अख्खी शिस्त उभी केली आहे. कंटेनर बंदरात पडून राहिला तर लागणाऱ्या डेमरेजच्या बिलांसाठी फेडरल मेरिटाइम कमिशनचे (अमेरिकेच्या सागरी वाहतूक नियामकाचे) नवे नियम मे २०२४ पासून लागू झाले. बिल ३० दिवसांत पाठवलं नाही तर ते भरायची सक्ती नाही. ट्रकचालकाला दिवसाला अकरा तासच गाडी चालवता येते आणि तेही कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत. त्यामुळे गोदामात ट्रक दोन तास ताटकळला तर पुढचा सगळा बेत कोलमडतो. हे तिथे डॉकवर (माल चढवा-उतरवायच्या फलाटावर) उभं राहूनच अंगात मुरतं. माझ्याकडे आलेल्या अर्जांत एका मुलीने डेमरेजचा मुद्दा घेऊन स्वतःच्या कंपनीतला आयातीचा खर्च कसा खाली आणता येईल ते एका पानात लिहिलं होतं. तिचा फोन मी स्वतः लावला.

पैशाचं थोडक्यात. सेव्हिसचे (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी-ट्रेनी नोंदणीचे) २२० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर, आणि वर स्पॉन्सरची फी. ती प्रत्येकाची वेगळी असते आणि काही कंपन्या ती स्वतः भरतात. विचारायला लाजू नका. आरोग्य विमा सक्तीचा आहे, प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण देणारा. पगारातून आयकर कापला जातो, पण नव्याने आलेल्या जे-१ ट्रेनींना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (निवृत्तिवेतन आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्याची) कपात सहसा लागत नाही. पेरोलवाले सवयीने कापतात. पहिली पे-स्लिप नीट बघा. ते ७.६५ टक्के आहेत, थोडे नाहीत. नवरा-बायको आणि मुलं जे-२ वर येऊ शकतात, आणि जोडीदाराला वेगळा अर्ज करून कामाची परवानगी मागता येते. जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेही मुलाखतीच्या आधी बघून घ्या.

परतीबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. पूर्वी भारतीयांपैकी बऱ्याच जणांना, त्यांचं क्षेत्र परराष्ट्र खात्याच्या कौशल्य यादीत असल्यामुळे, जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये भारत त्या यादीतून वगळला गेला. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अट अजूनही लागू शकते. पण यादीतून नाव गेलं म्हणजे राहायची सोय झाली, असं धरू नका. मुदत संपली की आवराआवरीला तीस दिवस मिळतात, त्यांत काम करता येत नाही. पुन्हा ट्रेनी म्हणून यायचं तर मध्ये दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. मुलाखतीत "नंतर बघू, कदाचित तिथेच राहीन" असं बोललात तर व्हिसा हातचा गेला.

आणि कंपनीशी बोलणं पक्कं व्हायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. मी रोज कुणाच्या शेजारी बसणार, त्या माणसाचं नाव सांगा. आणि राहायच्या जागेपासून गोदामापर्यंत बस जाते का? गोदामं स्वस्त जमिनीवर, हायवेच्या कडेला असतात. सकाळी सहाच्या शिफ्टला तिथे बहुधा एकही बस जात नाही, आणि गाडीचा हप्ता, विमा नि पेट्रोल धरलं की हातात आलेला पगार बराच वेगळा दिसतो.