छत्रीच्या काड्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यांत आधी आठवली ती कोथिंबिरीची एक जून जुडी.

सातवीत होतो. भात कापून झालं की आई शेतात भाजीचे वाफे घालायची आणि कोथिंबीर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायची. ऊन तापू लागलं की रोपं फुलावर यायची. मग ती जुडी कुणी हातातही घेत नसे. विज्ञानाच्या बाईंनी फुलं आणायला सांगितली, तेव्हा सगळ्यांनी जास्वंद आणली. माझ्याकडे ही परत आलेली जुडी.

बाईंनी जास्वंद बाजूला ठेवली. खुंटीवरची काळी छत्री उघडून उलटी धरली आणि मला काड्या मोजायला लावल्या. आठ. मग कोथिंबिरीचा तुरा पुढे केला. एकाच बिंदूतून फुटलेले पाच दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा एक इवलीशी छत्री! पुस्तकात याला चामरकल्प फुलोरा म्हणतात. मला मात्र तो कायम छत्रीच वाटला. भिंगातून पाहिलं, तर कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या अगदी लहान. अशाने सगळा गुच्छ मिळून एकच मोठं फूल दिसतं आणि माश्या-मधमाश्यांना लांबून कळतं. धणा हे बी नसून फळ आहे, हेही त्याच दिवशी कळलं. वाळलेला धणा बाईंनी चिमटीत दाबला, त्याचे दोन सारखे भाग झाले.

संध्याकाळी आईचा मसाल्याचा डबा उघडून बसलो. जिरं, बडीशेप, ओवा, हिंग, सगळी कोथिंबिरीच्याच कुळातली! गाजर आणि शेपूही. सॉक्रेटिसाला दिलेलं हेमलॉक हे विषही याच कुळातल्या झाडाचं, म्हणून रानातली अनोळखी छत्री चावून पाहायची नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती.

पुढे कॉलेजात वाचलं की वनस्पतींच्या एकाच कुळावर लिहिलेला पहिला ग्रंथ याच कुळावरचा, रॉबर्ट मॉरिसन यांचा, 1672 सालचा. त्या क्षणी आपला तो वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला.

पुढच्या वर्षी आईने एक वाफा उपटला नाही, फुलू दिला. बाई तो बघायला आल्या. चपला बांधावर काढून वाफ्याशी उकिडव्या बसल्या, आणि आई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली.