खानापूरच्या वखारीतली लाल रेघ

बेळगावच्या उद्यमबागेत माझे यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपची कामे नेहमीचीच, पण अलीकडे खानापूरकडच्या लाकडाच्या वखारींतून लेसरची कामेही येऊ लागली आहेत. बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर, ओंडका ट्रॉलीत चढवला, की पट्टा नेमका कुठून चिरत जाणार ते दाखवणारी लाल रेघ ओंडक्यावर पाडायची, म्हणजे फळी वाकडी जात नाही आणि सागाचे लाकूड वाया जात नाही. खर्च थोडा आणि फायदा रोजचा, त्यामुळे ज्या वखारीत हा लेसर एकदा बसतो तिथून तो परत निघत नाही.

अशाच एका वखारीत दोन बँडसॉ आहेत. त्यांपैकी एकावरचा लेसर विजेच्या झटक्याने गेला, म्हणून मालकांनी बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून नवा मागवला. पाच मिलीवॅटचा, लाल रेघेचा, जुन्यासारखाच, असे त्यांना सांगण्यात आले होते. तो बसवल्यापासून त्या यंत्रावरच्या मिस्त्रींची तक्रार सुरू झाली. मालकांना रेघ थोडी फिकी वाटत होती, हाताखालच्या पोराला ती ठीक दिसत होती, आणि मिस्त्री मात्र ठामपणे सांगत होते, "रेघ दिसंना की ओ. सकाळी जरा तरी कळतंय, उन्हं वर आली की काईच नाही." पुरवठादाराने दोन्ही यंत्रांवरच्या रेघांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात असे सांगून हात झटकले. शेवटी मालक चालू यंत्रावरचा जुना लेसर आणि हा नवा, असे दोन्ही घेऊन मिस्त्रींसह माझ्याकडे आले.

फोटोवरून लेसरची तुलना होत नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकले. उजळ रेघेपुढे कॅमेऱ्यातल्या लाल बिंदूंची मर्यादा संपते आणि मधला भाग पांढरट येतो, त्यामुळे एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या दुप्पट असला तरी फोटोत ते कळत नाही. शिवाय लाल रंगाला कॅमेरा जसा प्रतिसाद देतो तसा डोळा देत नाही. पाहणार होता तो मिस्त्रींचा डोळा, तेव्हा मापही डोळ्याचेच धरायला हवे होते.

पहिल्यांदा दोन्हींची शक्ती पॉवर मीटरवर तपासली. जुना सव्वाचार मिलीवॅटच्या आसपास भरला आणि नवा पावणेपाचच्या. म्हणजे आकड्यांनुसार नवाच जास्त ताकदीचा होता, आणि मालकांच्या चेहऱ्यावर स्वाभाविकच प्रश्नचिन्ह उमटले. मग रेघ पाडणारी पुढची भिंगे काढून मी दोन्हींचे ठिपके ग्रेटिंगमधून, म्हणजे प्रकाशाला त्याच्या तरंगलांबीप्रमाणे (लहरीच्या लांबीप्रमाणे, जिच्यावर रंग ठरतो) कमीजास्त वळवणाऱ्या बारीक रेषांच्या पट्टीतून, भिंतीवर पाडले. माझ्या ग्रेटिंगवर मिलिमीटरला 600 रेषा आहेत. भिंत दोन मीटरवर ठेवली तर 635 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचा पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून साधारण 82.4 सेंटिमीटरवर पडतो आणि 650 नॅनोमीटरचा 84.7 सेंटिमीटरवर. सव्वादोन सेंटिमीटरचा हा फरक सुताराच्या टेपनेही मोजता येतो. जुन्या लेसरचा ठिपका पहिल्या खुणेवर पडला आणि नव्याचा दुसऱ्या खुणेच्याही किंचित पुढे. तरंगलांबी निराळी असलेला माल "जुन्यासारखाच" म्हणून विकला गेला होता.

या पंधरा नॅनोमीटरला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. सगळ्या रंगांच्या प्रकाशाला आपला डोळा सारखा दाद देत नाही. दिवसाच्या उजेडात तो 555 नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्याला एक मानले तर 635 ला ही संवेदनशीलता 0.217 उरते, 650 ला 0.107 आणि 670 ला अवघी 0.032. प्रकाशमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1924 साली स्वीकारलेला हा वक्र आजही प्रकाशमापनाचा पाया आहे, आणि तांबड्याच्या टोकाला तो इतक्या वेगाने उतरतो की दर दहा-पंधरा नॅनोमीटरला उजळपणा निम्मा होतो. लेबलवरचा मिलीवॅटचा आकडा बाहेर पडणारी ऊर्जा सांगतो. दिसणारा उजेड तरंगलांबी कळल्याशिवाय सांगता येत नाही. नव्या लेसरची शक्ती थोडी जास्त धरूनही त्याची रेघ जुन्याच्या निम्म्याहून जराशीच उजळ ठरत होती. मालकांना ती फिकी वाटली ती याचमुळे, आणि त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती.

650 नॅनोमीटरचे डायोड, म्हणजे अशा लेसरमधले प्रकाश देणारे सुटे भाग, स्वस्त मिळतात, कारण डीव्हीडी यंत्रांसाठी ते अफाट संख्येने तयार झाले. 635 चे डायोड महाग असतात आणि उष्णतेला जरा नाजूकही. या लाल डायोडची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.2 नॅनोमीटरने वाढते, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात यंत्र वीस अंशांनी तापले तर लाल रंग चार नॅनोमीटर आणखी गडदाकडे सरकतो आणि शक्तीही घटते. वखारीचा विचार करताना हे गणित मांडावेच लागते.

मालक आलेच होते, तर त्यांना रंगांमधला फरकही नीट दाखवावा म्हणून मी शटर खाली ओढले. 635, 650 आणि माझ्याकडे पडून असलेला 670, असे तीन लाल ठिपके पांढऱ्या खरखरीत ड्रॉइंग पेपरवर शेजारी शेजारी पाडले. चकचकीत कागद किंवा फरशी यासाठी कधीही वापरू नये, आणि झोताच्या तोंडाशी डोळा नेण्याचा तर प्रश्नच येत नाही. तिन्हींची शक्ती सारखी केली होती. 635 चा ठिपका शेंदरी झाक असलेला आणि सर्वांत लखलखीत दिसत होता, 650 चा शुद्ध लाल, तर 670 चा गडद डाळिंबी, जणू राखेखालचा निखारा. पाहणारा कोणीही म्हणेल की हे तीन वेगळे रंग आहेत.

आता मी प्रत्येकापुढे पोलरॉइडची फीत धरली. डायोड लेसरचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंपने एकाच दिशेत असतात, आणि पोलरॉइड एकाच दिशेची कंपने जाऊ देतो, त्यामुळे पोलरॉइड फिरवला की तो ठिपका हळूहळू मंदावतो. 45 अंशांवर निम्मा होतो आणि 90 वर जवळजवळ विझतो. 635 चा पोलरॉइड साधारण 45 अंशांपर्यंत फिरवल्यावर त्याचा उजेड 650 च्या बरोबरीला आला. वक्रातले 0.217 आणि 0.107 हे आकडे पाहिले तर उत्तर असेच यायला हवे होते, तरी ते डोळ्यांनी पडताळताना मला आजही समाधान वाटते. मग दोन्ही आणखी मंद करून 670 च्या पातळीला आणले. उजेड सारखा झाल्यावर 650 आणि 670 मधला रंगाचा फरक बघता बघता नाहीसा झाला. मालक वाकून पुन्हा पुन्हा पाहत होते. कोणता ठिपका कोणाचा हे त्यांना सांगता येईना. 635 ची शेंदरी झाक मात्र बारकाईने पाहिले तर टिकून होती.

कारण आपल्या डोळ्यांत रंग ठरतो तो तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींच्या, प्रतिसादांच्या प्रमाणावरून. तांबड्या टोकाकडे निळ्याच्या पेशी काही बोलतच नाहीत. उरतात त्या लांब लहरींच्या आणि मध्यम लहरींच्या पेशी. 635 च्या आसपास या दोघींमधले प्रमाण अजून बदलत असते, म्हणून तो लाल नारिंगीकडे झुकलेला वाटतो. 650 च्या पुढे ते फार सावकाश बदलते आणि 700 च्या पुढे जवळजवळ स्थिर होते. आयोगाच्या 1931 च्या रंगनकाशातही 650 पासून 700 पर्यंतचे सगळे लाल एका चिमुकल्या तुकड्यात दाटलेले आहेत. गडद लाल आपल्याला वेगळा रंग वाटतो, तो बहुतांशी कमी उजेडामुळे.

यातली धोक्याची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. 670 चा ठिपका 635 इतका उजळ करायचा म्हटले तर पाच मिलीवॅटच्या जागी सुमारे चौतीस मिलीवॅट लागतील. फिका दिसतो म्हणून लोक जास्त शक्तीचा लेसर मागतात, परंतु दृष्टिपटलाला होणारी इजा तिथे पोहोचणाऱ्या शक्तीवर अवलंबून असते, तो प्रकाश किती उजळ भासतो यावर नाही. उलट फिक्या प्रकाशाकडे माणूस पापणी न मिटता जास्त वेळ पाहत राहतो. वखारीत ट्रॉलीच्या उंचीवर पोरे वावरत असतात, तिथे हा उपाय मी कधीही करणार नाही.

इतके होईपर्यंत मिस्त्री मागे उभे राहून शांतपणे पाहत होते. मालकांचे समाधान झाले होते, पण माझे झाले नव्हते. निम्मा उजेड म्हणजे रेघ फिकी दिसेल. ती अजिबात दिसू नये इतका हा फरक नाही. मोतीबिंदूची शंका आली म्हणून विचारले, तर ते फळीवरची बारीक पेन्सिलची खूण लांबून वाचत होते. म्हणून मी 520 नॅनोमीटरचा हिरवा डायोड लेसर काढला, त्याचा ठिपका 650 च्या लाल ठिपक्याशेजारी पाडला आणि दोन्हींची शक्ती सारखी केली. हिरव्याला डोळ्याची संवेदनशीलता 0.71, म्हणजे 650 च्या साधारण साडेसहा पट. मी मालकांना सांगितले की हिरव्यापुढचा पोलरॉइड फिरवून दोन्ही ठिपके सारखेच उजळ करा. इतक्या वेगळ्या रंगांचा उजेड तंतोतंत जुळवता येत नाही, तरी त्यांचा हात 65 अंशांच्या जवळपास थांबला. मी स्वतःही तिथेच थांबलो.

"मामा, आता तुम्ही बघा."

मिस्त्रींनी पोलरॉइड फिरवायला सुरुवात केली. आम्ही जिथे थांबलो होतो ती जागा त्यांनी ओलांडली आणि ते पुढे जातच राहिले. हिरवा ठिपका आमच्या डोळ्यांना लालापुढे अगदी मलूल झाला, तरी ते म्हणत होते, "अजून हिरवाच जास्त हाय." शेवटी 80 अंशांच्या घरात त्यांनी हात काढला. मी पोलरॉइड पुन्हा सुरुवातीला आणून दिला, तरी हात फिरून तिथेच गेला. आम्हाला जो लाल ठिपका दिसत होता, तो त्यांना त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच उजळ दिसत होता.

लाल-हिरव्या रंगांधत्वाचा प्रोटॅन नावाचा एक प्रकार आहे. त्यात लांब लहरींच्या शंकुपेशी नसतात किंवा त्यांचे काम बिघडलेले असते. हिरवा-तांबडा यांची गल्लत होते हे सर्वांना ठाऊक असते. मात्र या प्रकारात गडद लाल रंग काळपट होत जातो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तरंगलांबी जितकी वाढेल तितका हा तोटा वाढतो. 635 ची रेघ मिस्त्रींना आजवर कशीबशी पुरत होती. 650 ची रेघ आमच्यासाठी निम्मी झाली आणि त्यांच्यासाठी त्याहूनही खाली उतरली. शिवाय शेडमध्ये शिरणारे ऊन होतेच.

मी अदमासाने विचारले, "पॅनेलवरचे फेजचे तिन्ही दिवे तुम्हाला सारखे दिसतात का?" ते पटकन म्हणाले, "लाल दिवा पहिल्यापासनं मिणमिणताच हाय. मी इलेक्ट्रिशियनला कितींदा सांगितलं बदल म्हणून. तो बदलतोय, पण परत तसाच." मालकांनी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले, कारण तो दिवा त्यांना कधीच मंद वाटला नव्हता. थोड्या वेळाने मिस्त्रींना आठवले की त्यांच्या आईच्या भावालाही पिकलेली मिरची झाडावर ओळखू येत नसे. हा दोष एक्स गुणसूत्रावरून, आईकडून मुलाकडे येतो, तेव्हा मामाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटला. अर्थात निदान करणे हे माझे काम नव्हे. बेळगावातल्या नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची इशिहारा चाचणी करून घ्या, असे मी त्यांना सांगितले, आणि मालकांना बाजूला घेऊन एवढेच म्हटले की या माणसाच्या कामात काही खोट नाही आणि यावरून त्याला यंत्रावरून हलवू नका. मालकांनी लगेच मान डोलावली. पुढे तपासणीतही प्रोटॅनच निघाले.

राहिला प्रश्न वखारीचा. हिरवी रेघ मिस्त्रींना उत्तम दिसत होती, परंतु तपकिरी साल लाल प्रकाश जितका परतवते तितका हिरवा परतवत नाही, त्यामुळे आकड्यांतला साडेसहा पटींचा फायदा ओंडक्यावर तेवढा उतरत नाही. म्हणून फणसाच्या आणि सागाच्या सालीचे तुकडे मागवून, शटर उघडे ठेवून, दिवसाच्या उजेडात मी रेघा पाडून पाहिल्या. तरीही हिरवी स्पष्ट पुढे होती, आणि ओल्या काळ्या सालीवरही मिस्त्रींनी ती बोटाने टोकापासून टोकापर्यंत गिरवून दाखवली. 532 चा जुन्या पद्धतीचा हिरवा लेसर तापमान बदलले की लहरी वागतो, म्हणून सरळ डायोडचा 520 च निवडला. तो ट्रॉलीच्या वर, तोंड जमिनीकडे करून, पक्क्या ब्रॅकेटवर बसवला, विजेच्या झटक्यांसाठी वेगळे संरक्षण दिले, आणि पट्ट्याच्या चिरेची जाडी धरून रेघ मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे दोन सूत डावीकडे घेतली. जुना 635 त्याच्या यंत्रावर परत गेला. 650 वाला मालकांनी तरंगलांबीचे माप लिहून पुरवठादाराकडे परत पाठवला. आता लेसरची मागणी नोंदवताना मी शक्तीच्या आधी तरंगलांबी आणि तिची चालणारी घटबढ लिहून घेतो, आणि यंत्रावर कोण बसणार आहे त्यालाच प्रत्यक्ष रेघ दाखवून मग ब्रॅकेटचे बोल्ट आवळतो.