खिडकीमागच्या माणसाचे प्रशिक्षण

मी इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयात नोकरी करते. फी, हजेरी, परीक्षेसाठी मुदतवाढ, वसतिगृहाचे दाखले अशा कामांसाठी येणारी मुले सर्वांत आधी आमच्या टेबलापाशी येऊन थांबतात. या नोकरीतील जी गोष्ट गावाकडच्या मंडळींना सविस्तर सांगावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते, ती म्हणजे इथे कर्मचाऱ्यांना मिळणारे प्रशिक्षण. कर्मचारी म्हणजे केवळ प्राध्यापक नव्हेत. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातील मदतनीस, उपाहारगृहातील स्वयंपाकी आणि रखवालदार हे सगळेच त्यात आले.

सत्र सुरू होण्यापूर्वी कार्यशाळांची यादी हाती येते. सभेचे इतिवृत्त कसे लिहावे, एक्सेलमधील मोठे तक्ते कसे हाताळावेत, चिडलेल्या पालकांशी फोनवर कसे बोलावे, हे एका बाजूला. झोप, पाठदुखी, रजोनिवृत्तीच्या काळातील काम, निवृत्तीनंतरच्या पैशांचे नियोजन, हे दुसऱ्या बाजूला. कार्यशाळा कामाच्या वेळेत होतात आणि त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. संशोधकांच्या बाबतीत तर २०१९ मध्ये सुधारलेल्या इथल्या राष्ट्रीय करारनाम्यात पूर्णवेळ नोकरीसाठी वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासाला मिळावेत असे नमूद आहे. आम्हा लिपिकांसाठी असा आकडा ठरलेला नाही, परंतु वार्षिक आढाव्यात वरिष्ठ ‘पुढच्या वर्षी काय शिकणार?’ असे विचारतात आणि उत्तर लिहून घेतात.

संगणकावर काम करणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी इथे १९९२ पासून नियमच आहेत. खुर्चीची उंची, पडद्याचे अंतर, पाय जमिनीला नीट टेकतात की नाही हे तपासावे लागते, आणि कर्मचाऱ्याने मागणी केल्यास डोळ्यांच्या तपासणीचा खर्च मालकाला करावा लागतो. हे मी फोनवर मोठ्या बाबांना सांगितले. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात त्यांनी लिपिक म्हणून उभी नोकरी केली आणि मानेचे दुखणे घेऊनच ते निवृत्त झाले. ते म्हणाले, “बेटा, आमाले कोन इचारते? नवं सॉफ्टवेअर आलं का अमरावतीले जाऊन येनं, एवढंच आमचं ट्रेनिंग.”

त्यांचे हे बोलणे मनात असतानाच मी मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराची दोन दिवसांची कार्यशाळा केली. हा अभ्यासक्रम बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला. पाय मुरगळला तर डॉक्टर येईपर्यंत काय करावे हे जसे सामान्य माणसाला शिकवता येते, तसेच मन कोलमडलेल्या माणसाशी कसे बोलावे आणि त्याला योग्य ठिकाणी कसे पोहोचवावे हेही शिकवता येते, हा त्यामागचा विचार आहे. उपचार करणे हे आमचे काम नाही, हे पहिल्याच तासाला स्पष्ट केले जाते.

एका सरावात तिघांचा गट केला होता. एकजण नोकरीची मुलाखत घेत होता, दुसरी उत्तरे देत होती आणि तिसरा कागदाची सुरळी करून तिच्या कानात सतत कुजबुजत होता: ‘तू खोटं बोलतेस, सगळे तुला हसताहेत.’ कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला साधे नाव-गाव सांगणेही किती जड जात असेल, हे त्या पाच मिनिटांत समजले. ‘लक्ष नसतं तुमचं’ असे म्हणून आपण खिडकीवरून ज्यांना परत पाठवतो, त्यांच्यात असे कोणी असू शकते.

सर्वांत कठीण सराव मात्र एका प्रश्नाचा होता. समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांत पाहून ‘तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो आहे का?’ असे स्पष्ट शब्दांत विचारायचे होते. जवळजवळ प्रत्येकजण वळसे घेत होता. आपल्याकडेही आपण ‘काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असेच विचारतो, आणि त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवे आहे हे समोरच्याला लगेच कळते. प्रशिक्षिकेने शांतपणे समजावले की थेट विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच घोळतो आहे, त्याला बोलायला वाट मिळते. ज्या भागातून मी आले, त्या भागात हे वाक्य किती घरांपर्यंत पोहोचायला हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच मला तालुक्याच्या महाविद्यालयातील ती खिडकी महत्त्वाची वाटते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर अडकला, आधार बँक खात्याला जोडलेले नाही, टीसी हवी आहे, ‘कापूस विकला का फी भरतो’ असे सांगायचे आहे, तर पोरगा लिपिकाकडेच जातो. कोणाच्या शेतात पावसाने सोयाबीन सडले, कोणाच्या घरी सावकार येऊन गेला, हे प्राचार्यांच्या आधी त्या लिपिकाला ठाऊक असते. प्राध्यापकांसाठी आपल्याकडे १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रशिक्षणाची केंद्रे उभारली, आज ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात, आणि तिथल्या अभ्यासक्रमांना पदोन्नतीत महत्त्व आहे. लिपिक आणि शिपाई यांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.

इथे सगळे आलबेल आहे असे माझे म्हणणे नाही. रिक्त जागा भरल्या जात नसताना उरलेल्यांना तणावमुक्तीच्या कार्यशाळेला बोलावणे हा अन्याय आहे, असे इथले कर्मचारी उघडपणे म्हणतात आणि मला ते पटते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनेही कामाच्या ठिकाणच्या तणावासाठी सहा बाबी तपासायला सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरील ताबा, पाठबळ, परस्परसंबंध, जबाबदारीची स्पष्टता आणि होणारे बदल. यातली एकही बाब केवळ दीर्घ श्वास घेऊन सुटणारी नाही. आपल्याकडे तीन माणसांचे काम एकटा लिपिक ओढत असेल, तर आधी माणसे द्यावीत आणि मग प्रशिक्षण.

तरीही एक दिवसाची सुरुवात फार खर्चाची नाही. उन्हाळी परीक्षा आटोपल्यावर आणि प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांचे लिपिक, शिपाई आणि ग्रंथालय परिचर एकत्र बसू शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकांना बोलावता येईल. तो थेट प्रश्न वऱ्हाडीत कसा विचारायचा, याचा सराव याच मंडळींनी एकमेकांशी करावा, कारण पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गावातले पोर मोकळेपणी उत्तर देणार नाही. एवढेही जमेपर्यंत केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक खिडकीच्या बाहेरच्या आणि आतल्या, अशा दोन्ही बाजूंना लावावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. आतल्या बाजूचा कागद लिपिकासाठी आहे.